प्रिन्सेस लुईझ, हाय होल्बर्न : एका व्हिक्टोरियन पबमध्ये काय काय उरलंय

पायवाट

प्रिन्सेस लुईझचं दार ढकललं की समोर बार दिसत नाही, बोळ दिसतो. एका वेळी एकच माणूस जाईल एवढा अरुंद. एका हाताला टाइल्सची भिंत, दुसऱ्या हाताला लाकडी पार्टिशन आणि त्याच्या वरच्या भागात नक्षीदार काच. काचेतून पलीकडचा उजेड येतो, पण माणसं दिसत नाहीत. नुसत्या सावल्या हलतात आणि आवाज येतात. थोडं पुढे गेलं की पार्टिशनमध्ये छोटं दार लागतं. आत पाच-सात माणसं मावतील एवढा खण, आणि त्या खणाच्या वाट्याला आलेला काउंटरचा तुकडा. पलीकडे बारवाला. शेजारच्या खणात कोण बसलंय ते तुम्हाला कळत नाही, त्यांना तुम्ही कळत नाही. बारवाला मात्र मधोमध उभा असतो, त्यामुळे त्याचा सगळ्यांशी संबंध.

हा पब लंडनच्या मध्यात आहे, होल्बर्न ट्यूब स्टेशनपासून दोन-तीन मिनिटांवर. माझं ऑफिस त्याच रस्त्याला. सहा वर्षं मी बाहेरून जात होतो. आत पाऊल टाकलं ते मागच्या महिन्यात, आणि तेव्हापासून चार वेळा जाऊन आलो. बिअरसाठी कमी, बघायला जास्त.

इमारत १८७२ची. राणी व्हिक्टोरियाच्या लुईझ या मुलीचं लग्न त्याच्या आदल्या वर्षी झालं होतं, तिचंच नाव पबला दिलं. पण आज आपण जे बघतो ते १८९१चं. त्या वर्षी आर्थर चिटी या आर्किटेक्टने आतलं सगळं नव्याने केलं. टाइल्स डब्ल्यू. बी. सिम्पसन अँड सन्स यांच्या, काच आर. मॉरिस अँड सन यांची, लाकूडकाम डब्ल्यू. एच. लॅसेल्स यांचं. एका पबच्या सुताराचं, काचवाल्याचं नाव सव्वाशे वर्षांनी आपल्याला माहीत असावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडच्या किती वाड्यांच्या सुतारांची नावं आपल्याला सांगता येतील?

भिंतीवर टाइल्सची चित्रं आहेत, फुलांनी भरलेल्या कलशांची. दोन चित्रांच्या मध्ये सोनेरी नक्षीचे उंच आरसे. वर उठावदार नक्षीचं छत, गडद लाल आणि सोनेरी. तळघरात पुरुषांची मुतारी आहे, संगमरवराची. तिच्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे, जे. टायलर अँड सन्स. होय, मी तीसुद्धा नीट उभा राहून बघितली. इमारतीला ग्रेड टू स्टार दर्जा आहे, म्हणजे आतल्या-बाहेरच्या कशालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

आता ज्यासाठी धागा काढला ते. मी ज्या खणांच्या एवढ्या प्रेमात पडलो, ते मूळचे नाहीत. विसाव्या शतकात कधीतरी ती पार्टिशनं काढून टाकली होती आणि सगळा एकच मोठा हॉल झाला होता. आताची २००८ साली पुन्हा उभारली, जुन्या पद्धतीने. पब सॅम्युअल स्मिथ या यॉर्कशरच्या ब्रुअरीचा आहे, त्यांनी ते केलं. हे कळल्यावर मला क्षणभर वाईट वाटलं, आणि मग वाटलं की वाईट का वाटावं? टाइल्स, आरसे, छत खरं असूनही मोठ्या हॉलमध्ये हा पब तसा नव्हताच ना! पबचा जीव त्या बोळात आणि खणांत आहे असं माझं मत झालंय. तुमचं काय? आणि असे आणखी पब कुणी बघितलेत?

रानमेवा

सुरेख लिहिलंय. वाचता वाचता आत जाऊन आल्यासारखं झालं. फोटो टाका की!

पायवाट

@रानमेवा, आत फोन वापरू देत नाहीत. या ब्रुअरीच्या सगळ्या पबमध्ये तो नियम आहे, संगीतही नाही. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं. नंतर लक्षात येतं की आपण बऱ्याच दिवसांनी नुसत्या माणसांच्या बोलण्याचा आवाज ऐकतोय.

शब्दवेडा

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. २००८ साली केलेली पार्टिशनं म्हणजे देखावा. चांगला देखावा असेल, पण देखावाच. रायगडावरच्या राजसदरेवर उद्या कुणी लाकडी छत उभारलं, अगदी अभ्यास करून उभारलं, तरी मला तिथे जुनं काही बघितल्याचं समाधान मिळणार नाही. जे गेलं ते गेलं. मोकळी जागा तशीच ठेवावी आणि इथे खण होते असं लिहून ठेवावं.

चुनागच्ची

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, मुंबईत. शब्दवेडा यांचा मुद्दा आमच्या क्षेत्रात रोज भांडला जातो आणि त्यांची बाजू कमकुवत नाही. पण रायगड आणि पब यांत एक फरक आहे. पब चालू आहे. ज्या कामासाठी बांधला तेच काम तिथे आजही चालतं. चालत्या इमारतीत मोडलेली खिडकी आपण बदलतो, तेव्हा तिला कुणी देखावा म्हणत नाही. प्रश्न एवढाच की नवं काम पुराव्यावर केलं की मनाने. पार्टिशन काढलं तरी ते मागे बरंच काही सोडून जातं. काउंटरच्या कडेला खाच असते, जमिनीवर रेघ असते, टाइलच्या कडेचा रंग वेगळा असतो, छताच्या नक्षीत भरलेली जागा दिसते. परवान्यासाठी दिलेले जुने नकाशेही मिळतात.

आणि पायवाट, तुम्हाला एक योगायोग सांगते. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय लोकांसाठी उघडलं १८७२ साली. त्याचं मूळ नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर ते पुन्हा उघडलं २००८ साली. म्हणजे आईबापांच्या नावाची इमारत भायखळ्याला आणि लेकीच्या नावाची होल्बर्नला, दोन्ही एकाच वर्षीच्या, आणि दोन्हींना नवं आयुष्य मिळालं तेही एकाच वर्षी. संग्रहालयात जाऊन खालच्या मिंटन या इंग्लिश कंपनीच्या फरशा आणि ओतीव लोखंडाचे खांब बघा, तुमच्या पबमधली आवड कुठून आली ते लगेच कळेल. तोच काळ, तीच हौस.

पायवाट

@चुनागच्ची, हे मला अजिबात माहीत नव्हतं! अंगावर काटा आला. डिसेंबरमध्ये मुंबईला येतोय, भायखळा नक्की.

लुईझबद्दल थोडं वाचलं. ती स्वतः शिल्पकार होती. केन्सिंग्टन पॅलेससमोर व्हिक्टोरियाचा जो संगमरवरी पुतळा आहे, तो या मुलीने केलेला. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताचं नावही तिच्याच नावातून आलंय. एका शिल्पकार बाईच्या नावाच्या पबमध्ये एवढी कारागिरी टिकावी, हे मला छान वाटलं.

कोकणसडा

काचेबद्दल कुणी सांगेल का? नक्षी कोरतात की छापतात?

चुनागच्ची

दोन्ही नाही, खातात! हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं. जिथे काच तशीच ठेवायची तिथे आम्लाला दाद न देणाऱ्या काळ्या रंगाचा लेप द्यायचा, बाकीची उघडी जागा आम्लाला द्यायची. वेगवेगळ्या वेळा आणि वेगवेगळ्या तीव्रतेचं आम्ल वापरलं की एकाच काचेत तीन-चार छटा येतात: पूर्ण पारदर्शक, दुधाळ, राखाडी, साटीनसारखी. त्याशिवाय चाकावर धरून खोल कापलेली काचही असते, तिच्या कडा भिंगासारख्या चमकतात. ते काम जीवघेणं होतं. आम्लाच्या वाफेने कामगारांची फुप्फुसं जायची. सुंदर काच बघताना मला नेहमी ते हात आठवतात.

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि खिडक्यांवरचा १८५१ साली. त्यानंतर काच स्वस्त झाली आणि पबवाल्यांनी ती मनसोक्त वापरली. एक कारण प्रकाशाचंही आहे. गॅसचे दिवे, त्यांची काजळी, बाहेर धुकं. आरसे आणि चकचकीत टाइल्स असल्या की तेवढाच उजेड दुप्पट वाटतो, आणि काजळी ओल्या फडक्याने पुसता येते. आज आपण ज्याला शोभा म्हणतो त्यातली निम्मी सोय होती.

निळावंती

मी बेलफास्टला चार वर्षं होते. तिथलं क्राउन लिकर सलून बघितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आहे. पॅट्रिक फ्लॅनॅगन या मालकाने १८८५च्या सुमाराला आतून-बाहेरून घडवून घेतलं. तिथे असं सांगतात की शहरातल्या चर्चच्या कामासाठी आलेल्या इटालियन कारागिरांना त्याने संध्याकाळी आपल्याकडे कामाला लावलं. आत गेलात की पटतं, कारण ते लाकूडकाम खरोखर एखाद्या चर्चचं वाटतं.

तिथले खण नवे नाहीत, मूळचेच आहेत. दहा. प्रत्येकावर अक्षर, ए पासून जे पर्यंत. त्यांना स्नग म्हणतात. प्रत्येकाला खांद्याच्या वर जाणारं लाकडी पार्टिशन आणि स्वतःचं दार. आत काडी ओढायला धातूची पट्टी आणि बारवाल्याला बोलवायला घंटा. दिवे अजूनही गॅसचे. त्या उजेडात समोरच्याचा चेहरा जसा दिसतो तसा विजेच्या दिव्यात दिसत नाही. काउंटरचा वरचा दगड लाल ग्रॅनाइटचा आहे आणि त्यावर थंडीतही लोक कोपर टेकून तासभर उभे असतात.

दारात जमिनीवर मोझेकचा मुकुट आहे. त्याची गोष्ट बेलफास्टमध्ये सगळे सांगतात. बायको राजनिष्ठ, तिला नाव 'क्राउन' हवं होतं. नवरा आयरिश राष्ट्रवादी. तो म्हणाला ठेव नाव, पण मुकुट मी जमिनीवर घालणार, येणारा-जाणारा पाय पुसून आत येईल. खरी असो वा नसो, त्या शहरात राहिल्यावर ती गोष्ट का टिकली ते कळतं.

कारण समोरच युरोपा हॉटेल आहे. अशांततेच्या वर्षांत, म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात, त्याच्यावर इतके बॉम्बहल्ले झाले की लोकांनी मोजणं सोडलं असेल. प्रत्येक वेळी क्राउनच्या काचांना झळ. तरीही १९७८ साली नॅशनल ट्रस्टने, म्हणजे तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेने, हा पब विकत घेतला आणि १९८१मध्ये तो पूर्ववत करून उघडला. ज्या शहरात रोज इमारती पडत होत्या तिथे एका दारूच्या दुकानाच्या रंगीत काचा पुन्हा बसवायला पैसे आणि माणसं उभी राहिली. @शब्दवेडा, या काचांतल्या कितीतरी नव्या आहेत. मला त्यांचा अभिमानच वाटतो.

शब्दवेडा

@निळावंती, बेलफास्टचं वाचून थांबलो. बॉम्बने फुटलेली काच परत बसवणं आणि मालकाने सोयीसाठी काढलेलं पार्टिशन परत बसवणं, हे मला अजूनही वेगळं वाटतं. पण कदाचित माझा आक्षेप नव्या लाकडाला नसून लपवण्याला आहे. नवं आहे हे सांगितलेलं असेल तर माझी हरकत बरीच कमी होते.

कोकणसडा

हे खण वाचून मला काय आठवलं सांगू? आपल्या जुन्या हॉटेलांतली 'फॅमिली रूम'! काचेच्या किंवा प्लायवुडच्या पार्टिशनचे खण, वर मोकळं, पुढे हिरवा पडदा, आत चार खुर्च्या आणि संगमरवरी टेबल. बायकामुलांना घेऊन आलं की वेटर आपोआप तिकडे पाठवायचा. इराण्यांकडेही असायची. आता शोधून सापडत नाहीत, आणि कुणी त्यांची यादीही केलेली नाही.

अबोली

धागा मनापासून आवडला, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. ही पार्टिशनं गप्पांसाठी नव्हती, माणसं वेगळी ठेवण्यासाठी होती. व्हिक्टोरियन पबमध्ये पब्लिक बार वेगळा, सलून वेगळा, प्रायव्हेट बार वेगळा. पब्लिक बारमध्ये उघड्या फळ्यांची जमीन आणि स्वस्त बिअर. सलूनमध्ये गालिचा आणि त्याच बिअरचे जास्त पैसे. मजुराने सलूनमध्ये यायचं नाही. लंडनमधल्या काही पबमध्ये काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरत्या काचेच्या झडपा आहेत, त्यांना स्नॉब स्क्रीन म्हणतात. गिऱ्हाइकाने झडप फिरवून बिअर मागायची आणि बंद करायची, म्हणजे पलीकडच्या गरिबाला साहेब दिसणार नाही. मी लॅम्ब्स कॉण्ड्युइट स्ट्रीटवरच्या 'द लॅम्ब'मध्ये त्या बघितल्या. फार सुंदर आहेत. हात लावावासा वाटला, आणि लावल्यावर परत घ्यावासा वाटला.

माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात बाहेर बसावं लागे. कप वेगळा, खिळ्याला अडकवलेला, चहा पिऊन स्वतः विसळून परत अडकवायचा. लंडनचा वर्गभेद आणि आपली जात एक नाही, हे मला माहीत आहे. मजूर पैसे कमावून सलूनमध्ये जाऊ शकत होता, आजोबा कितीही कमावून आत जाऊ शकत नव्हते. पण सुंदर पार्टिशन बघितलं की माझं पहिलं लक्ष पलीकडे कोण बसायचं तिकडे जातं. ते उभं ठेवा, जपा, नवं करा, पण त्याचं काम काय होतं तेही त्याच भिंतीवर लिहा.

पायवाट

@अबोली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग रात्रभर डोक्यात होता. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की शेजारी कोण बसलंय ते कळत नाही. ते मी मजा म्हणून लिहिलं. १८९१ साली ते कळू नये म्हणूनच तर केलं होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

या भागाशी आपलं आणखी एक नातं आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन ही बॅरिस्टरांची संस्था आणि ब्रिटिश म्युझियम, तिन्ही या पबपासून दहा-बारा मिनिटांच्या चालीवर. १९२० नंतरच्या वर्षांत बाबासाहेब याच पट्ट्यात शिकत होते आणि म्युझियमच्या वाचनालयात दिवस काढत होते. तेव्हा ही इमारत इथे होती. यापुढे हाय होल्बर्नवरून चालताना मला हे दोन्ही आठवेल.

चुनागच्ची

@अबोली, शंभर टक्के. पार्टिशनं का गेली त्याचं कारणही इथेच आहे. विसाव्या शतकात परवाना देणाऱ्या न्यायाधीशांना एका नजरेत सगळा पब दिसायला हवा होता, कोपऱ्यात काय चाललंय ते कळायला हवं म्हणून. पुढे दोन खोल्यांत दोन दर ठेवणं लोकांनाच पटेना, आणि साठ-सत्तरच्या दशकात भिंती पाडून एकच मोठी खोली करायची लाटच आली. म्हणजे भिंती पडल्या यात काही चांगलंही होतं. दुरुस्ती करताना आम्ही त्याची नोंद करत नाही. करायला हवी.

मर्सीकाठ

उशिरा आलो. लिव्हरपूलच्या फिलहार्मोनिक डायनिंग रूम्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रॉबर्ट केन या बिअरवाल्यासाठी १८९८ ते १९००मध्ये बांधला, आर्किटेक्ट वॉल्टर थॉमस. लोखंड आणि तांब्याचं फाटक इतकं देखणं आहे की लोक आत जायचं विसरून तिथेच उभे राहतात. २०२० साली त्याला ग्रेड वन दर्जा मिळाला, म्हणजे मोठमोठ्या कॅथीड्रलच्या रांगेत. पब म्हणूनच बांधलेल्या व्हिक्टोरियन इमारतीला तो दर्जा पहिल्यांदाच मिळाला. इथली मुतारी गुलाबी संगमरवराची आहे आणि ती बघायला बायकाही विचारून आत जातात.

मला सगळ्यात आवडलं ते हे की आतलं काम तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या वास्तुकला आणि उपयोजित कला शाळेशी जोडलेल्या कलाकारांनी केलं. आपल्या व्हीटीची आठवण झाली. तिथली पानं, पक्षी, माकडं जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी घडवली. दोन बंदरांची शहरं, आणि दोन्हीकडे शिकणाऱ्या हातांना खरी भिंत मिळाली.

रानमेवा

पायवाट, दारू न पिणाऱ्याने गेलं तर चालतं का? आईबाबा येणारेत उन्हाळ्यात.

पायवाट

@रानमेवा, चालतं. माझी आई परवाच येऊन गेली. दुपारी तीनला जा, पाचनंतर ऑफिसवाल्यांची गर्दी होते आणि बोळात उभं राहायलाही जागा नसते. आईने लेमोनेड घेतलं. बसली, इकडेतिकडे बघितलं आणि तळहात टाइलवर ठेवला, बराच वेळ. म्हणाली, "गार आहे रे, देवघरातल्या फरशीसारखी." मग तिने विचारलं की शेजारच्या खणात कोण आहे. मी म्हटलं, माहीत नाही. ती उठली, दार उघडून बोळात गेली, पलीकडचं दार लोटलं आणि तिथल्या म्हाताऱ्या जोडप्याला हॅलो म्हणून आली. ते यॉर्कशरचे निघाले. वीस मिनिटं गप्पा झाल्या, दोन्ही खणांची दारं उघडी ठेवून.

@अबोली, हे तुम्हाला सांगायचं होतं.

अबोली

काकूंना माझा नमस्कार सांगा.

मर्सीकाठ

आणि काकूंना घेऊन लिव्हरपूलला या. होप स्ट्रीट आणि हार्डमन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, फाटकापाशी उभा राहतो.